उद्याचा भरवसा कुणी द्यायचा?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाला ग्रेट स्मोकी नावाचे डोंगर आहेत. या डोंगराळ भागातल्या अकरा काउंट्यांमधून ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 1,420 मुलं निवडली. कुणी नऊ वर्षांचं, कुणी अकरा, कुणी तेरा. दरवर्षी मुलाला आणि त्याच्या आईला किंवा वडिलांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारायचे. शाळा बुडवतो का, मारामाऱ्या करतो का, चोरी केली का, दारू चाखली का, झोप लागते का, कशाची भीती वाटते का? ग्रामीण भागातल्या किती मुलांना मानसिक मदतीची गरज आहे आणि किती जणांपर्यंत ती पोहोचते, एवढंच शोधायचं होतं.

या मुलांपैकी साधारण साडेतीनशे चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. 1838 मध्ये अमेरिकी सैन्याने चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं, तेव्हा जे थोडे लोक या डोंगरांमध्ये टिकून राहिले त्यांचे हे वंशज. त्यांच्या राखीव क्षेत्रात रोजगार तुटपुंजा आणि गरिबी आजूबाजूच्या गोऱ्या वस्तीपेक्षा कितीतरी जास्त.

अभ्यास निम्म्यावर आला असताना, संशोधकांच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट घडली. जमातीने कॅसिनो काढला. 1997 च्या अखेरीस मोठी इमारत सुरू झाली आणि नफ्यातला निम्मा वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला समान वाटायचं ठरलं. दर सहा महिन्यांनी पैसे घरी येऊ लागले. नोकरी आहे की नाही, दारू पितो की नाही, मुलं शाळेत जातात की नाही, यातलं काही कुणी विचारत नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत ही रक्कम माणशी वर्षाला सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास होती. अठरा वर्षांखालच्या मुलांचा वाटा त्यांच्या नावावर साठत राहायचा.

शास्त्रज्ञ एरवी गरिबी आणि मुलांचं वागणं यांच्या नात्याबद्दल बोलताना अडखळतात, कारण कुठलं कारण आणि कुठला परिणाम हे वेगळं काढता येत नाही. आईवडिलांचं व्यसन किंवा आजारपण घराला गरीब करतं आणि मुलालाही बिघडवतं, मग गरिबीला दोष कसा द्यायचा? इथे मात्र माणसं तीच, गाव तेच, शाळा त्याच होत्या. बदलले होते फक्त पैसे, आणि ते घरातल्या कुणाच्या कर्तृत्वाने आलेले नव्हते.

2003 मध्ये निष्कर्ष छापून आले. चेरोकी कुटुंबांपैकी सुमारे 14 टक्के कुटुंबं या पैशांमुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली होती. त्या घरांतल्या मुलांच्या मारामाऱ्या, चोऱ्या, तोडफोड, उर्मटपणा अशा लक्षणांमध्ये सुमारे चाळीस टक्के घट झाली. कॅसिनोआधी ही मुलं गरीब मुलांसारखी वागत होती. चार वर्षांनी ती कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आली. पैसे मिळूनही ज्यांची गरिबी हटली नाही त्या घरांमध्ये असा बदल दिसला नाही. चिंता आणि नैराश्य यांच्यावर मात्र कुठल्याच गटात फारसा परिणाम झाला नव्हता. म्हणजे पैशांनी मुलं सुखी झाली असा सरधोपट अर्थ काढता येत नव्हता. ठळकपणे बदललं होतं ते त्यांचं वागणं.

मुलं मोठी झाल्यावरही संशोधकांनी पिच्छा सोडला नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एकवीस वर्षांच्या तरुणांची स्थिती तपासली होती. पैसे यायला लागले तेव्हा जी मुलं बारा वर्षांची होती, त्यांच्यात दारू आणि गांजाचं व्यसन त्या वेळी चौदा किंवा सोळा वर्षांच्या असलेल्या मुलांपेक्षा कमी आढळलं. धाकट्यांना बदललेल्या घरात वाढायला अधिक वर्षं मिळाली होती, आणि नशेची पहिली संधी समोर आली तेव्हा घर आधीच सावरलेलं होतं.

पण चेक आईवडिलांच्या हातात पडतो आणि पोरगा चोरी करायचं थांबवतो, या दोन टोकांच्या मधे नेमकं काय घडतं? कॉस्टेलो यांच्या चमूने बरीच कारणं तपासली. त्यांतलं एक बाकी सगळ्यांना भारी पडलं: मुलांवर लक्ष ठेवायला मोठ्या माणसांना मिळणारा वेळ. एकूण परिणामातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा या एका गोष्टीने समजावता येत होता. पोटापाण्याची ओढाताण कमी झाल्यावर संध्याकाळी पोरगं कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे विचारायला घरात कुणीतरी होतं.

पोरं बिघडतात तेव्हा आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: त्याला कळत नाही. दुसरंही ठरलेलं: संगत वाईट. पहिल्या वाक्यावर फार मोठा कारभार उभा आहे. शाळेत व्याख्यान होतं, फुफ्फुसांचं काळं चित्र लावलं जातं, प्रतिज्ञा घेतली जाते, गुटख्याच्या पुतळ्याचं दहन होतं. या सगळ्यामागचं गृहीतक असं की माहिती मिळाली की वागणं सुधारेल; या वयात मुलांना आपण अमर आहोत असं वाटतं, म्हणून त्यांना धोका दाखवून दिला पाहिजे.

हे गृहीतक तपासायची संधी एका मोठ्या अमेरिकी पाहणीने दिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सातवी ते बारावीच्या वीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना इतर शेकडो प्रश्नांसोबत एक प्रश्न विचारला गेला: तू पस्तीस वर्षांचा होईपर्यंत जगशील याची शक्यता किती? जवळपास पंधरा टक्के मुलांनी ती निम्मी किंवा त्याहून कमी सांगितली. गोऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण दहा टक्के होतं. कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी मुलांमध्ये ते पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. अमरत्वाची भावना सोडाच, दर सातातलं एक मूल स्वतःला अल्पायुषी समजत होतं.

आयरिस बोरोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये या मुलांचा पुढचा प्रवास मांडला. आपण लवकर मरणार असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात पुढच्या वर्षांमध्ये अमली पदार्थांचं सेवन, जखमी होण्याइतक्या मारामाऱ्या, असुरक्षित लैंगिक संबंध आणि आत्महत्येचे प्रयत्न जास्त दिसले. उलट दिशेनेही हे खरं होतं: जी मुलं असं जोखमीचं वागत होती तीही पुढे आयुष्य कमी उरल्याचं सांगू लागली. त्यांतली बहुतेक मुलं अर्थातच जगली. पण निर्णय घेताना त्यांनी जो हिशेब केला तो पन्नाशीत होणाऱ्या कर्करोगाचा नव्हता. ज्याला तिशीचीच खात्री नाही त्याला पन्नाशीतल्या फुफ्फुसांचं चित्र दाखवून काय होणार?

त्याचा हिशेब चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. मार्गो विल्सन आणि मार्टिन डेली या कॅनडातल्या संशोधकांनी शिकागो शहरातल्या सत्याहत्तर वस्त्यांची आकडेवारी 1997 मध्ये मांडली. खुनांमुळे झालेले मृत्यू हिशेबातून वगळूनही वस्तीवस्तीतलं पुरुषांचं सरासरी आयुर्मान 54 वर्षांपासून 77 वर्षांपर्यंत बदलत होतं. एकाच शहरात तेवीस वर्षांचा फरक. ज्या वस्त्यांमध्ये आयुष्य आखूड, तिथे खून जास्त आणि मुलींना मुलं लवकर होत होती. आजूबाजूला किती माणसं म्हातारी होतात हे पोरं रोज बघत असतात.

उद्यावरचा भरवसा हा स्वभाव आहे की अनुभव, हे रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांनी एका छोट्या प्रयोगातून दाखवलं. त्या पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करत. तिथल्या मुलाच्या हातातली वस्तू दुसरं मूल कधीही हिसकावून नेऊ शकतं, हे त्यांनी पाहिलं होतं. समोरचा गोड मार्शमेलो लगेच न खाता पंधरा मिनिटं थांबलं तर दुसरा मिळेल, हा मुलांच्या संयमाचा जुना प्रयोग त्यांना आठवला. अशा निवाऱ्यातलं मूल थांबेल कशाला?

त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या अठ्ठावीस मुलांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आधी चित्रं काढायला जुने खडू दिले आणि थांबलात तर छान नवे रंग आणून देते असं सांगितलं. एका गटाला कबूल केल्याप्रमाणे रंग मिळाले. दुसऱ्या गटाला सांगितलं, चुकलंच, नवे नाहीत, आहेत तेच वापरा. मग मार्शमेलोची परीक्षा झाली. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला गेलेली मुलं तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबलेली पहिल्या गटात चौदापैकी नऊ, दुसऱ्यात चौदापैकी एक. ही मुलं लहान होती आणि प्रयोगही लहान होता, पण अर्ध्या तासाच्या अनुभवावर संयम एवढा हलत असेल तर पंधरा वर्षांच्या अनुभवाने काय होत असेल याचा अंदाज येतो. रेशन येईल म्हणाले, आलं नाही. बाप सोडली म्हणाला, प्यायलाच. बाईंची बदली झाली, बदली शिक्षक आले नाहीत. अशा घरातल्या आणि शाळेतल्या मुलाने हातातली गोष्ट आत्ताच संपवणं हा त्याच्या जगात शहाणपणा ठरतो.

दुसरं वाक्य संगतीचं. ते पहिल्यापेक्षा खरं आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 मध्ये तीन वयोगटांतल्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे जायचं हे ठरवायचं होतं. एकट्याने खेळताना तेरा ते सोळा वर्षांची मुलं आणि प्रौढ यांच्यात फार फरक नव्हता. सोबत मित्र बघत बसले की किशोरांनी घेतलेली जोखीम दुपटीच्या आसपास गेली. प्रौढांवर मित्रांचा काही परिणाम झाला नाही. मेंदूतली बक्षिसाला भुलणारी यंत्रणा या वयात ऐन भरात असते आणि लगाम घालणारा पुढचा भाग विशीतही घडत राहतो. ही शरीररचना श्रीमंताच्या मुलाचीही तीच आणि झोपडीतल्या मुलाचीही तीच. फरक पडतो तो मित्रांसोबत नाक्यावर उभं राहिल्यावर हाताच्या अंतरावर काय आहे यात. एकाच्या नाक्यावर क्रिकेटचं मैदान असतं, दुसऱ्याच्या नाक्यावर टपरी, आणि टपरीवर उधारीही चालते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी घालणारा 2003 चा कायदा याच जाणिवेतून आला आहे.

मग मुलाला त्या नाक्यावरून उचलून चांगल्या वस्तीत नेलं तर? अमेरिकेने हेही करून पाहिलं. 1994 ते 1998 या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या सरकारी वसाहतींमधल्या सुमारे 4,600 कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदत दिली गेली.

निकालाने सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. किशोरवयीन मुली सुधारल्या. त्यांचं नैराश्य घटलं, वागण्यातले गंभीर दोष घटले. त्यांचे भाऊ मात्र बिघडले. मुलग्यांमध्ये नैराश्य, आघातानंतरचा मानसिक त्रास आणि बेशिस्त वर्तन वाढलेलं दिसलं. त्यांचे जुने सवंगडी तुटले होते आणि नव्या वस्तीत त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जात होतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पुढे राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये आणखी एक धागा सोडवला. तेरा वर्षांच्या आत स्थलांतर झालेल्या मुलांची विशीतली कमाई इतरांपेक्षा 31 टक्क्यांनी जास्त होती. त्यापुढच्या वयात हललेल्यांना फायदा नव्हता, थोडा तोटाच होता. नवी वस्ती अंगी लागायला लहानपणीची वर्षं लागतात आणि चौदाव्या वर्षी मित्र तोडण्याची किंमत फार मोठी असते.

प्रतिकूलता म्हणजे फक्त गरिबी नाही, हे सॅन डिएगोमधल्या व्हिन्सेंट फेलिटी या डॉक्टरांच्या लक्षात वेगळ्याच वाटेने आलं. ते ऐंशीच्या दशकात स्थूल रुग्णांसाठी दवाखाना चालवत. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं तेच उपचार सोडून पळत. चौकशीअंती यातल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं; जाड शरीर त्यांना सुरक्षित वाटत होतं. फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी मग सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं: मारहाण, अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसनी किंवा तुरुंगात गेलेलं माणूस. 1998 च्या त्यांच्या निबंधानुसार असे चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांमध्ये धूम्रपान दुप्पट, दारूचं व्यसन सातपट आणि सुईतून नशा घेण्याचं प्रमाण दहापट होतं. हे लोक बहुतांशी गोरे, शिकलेले, आरोग्यविमा असलेले होते. प्रौढांच्या आठवणींवर बेतलेला हा अभ्यास समूहाबद्दल बोलतो. एखाद्या मुलाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. पण नशा ही काहींसाठी दुखण्यावरचं औषध असते, हा विचार त्याने वैद्यकात रुजवला.

मुंबई-पुण्याच्या स्टेशनांजवळ चिंधीवर ‘सोल्यूशन’ किंवा व्हाइटनर ओतून हुंगणारी मुलं याच विचाराच्या उजेडात बघावी लागतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक विलक्षण गोष्ट आढळली. दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ या सगळ्यांत मोठी माणसं पुढे आहेत; हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा, की त्यात मुलांचं प्रमाण जास्त आहे. दहा ते सतरा वयोगटात 1.17 टक्के, प्रौढांमध्ये 0.58 टक्के. सुमारे 4 लाख 60 हजार मुलांना या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. पंक्चर काढण्याच्या दुकानात, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, काही रुपयांची ही वस्तू. रस्त्यावरची मुलं ती का हुंगतात हे विचारायला गेलेल्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं मिळणारी उत्तरं साधी आहेत: भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, रात्री भीती वाटत नाही. त्या मुलासमोर व्यसनाच्या दुष्परिणामांचं पत्रक धरणाऱ्याला त्याच्या रात्रीच्या जेवणाबद्दल आणि झोपण्याच्या जागेबद्दलही बोलावं लागेल.

मुलींच्या बाबतीत तर ‘वागणं’ हा शब्दच अपुरा पडतो, कारण जोखीम पत्करायचा निर्णय पुष्कळदा त्यांचा नसतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून उचलही कोयत्यावर मिळते. घरी वयात आलेली मुलगी असेल तर पाच-सहा महिने तिला ठेवायचं कुणाकडे? फडावर नेलं तर पालाला दार नाही. गावी ठेवलं तर म्हातारी आजी आणि गावाच्या नजरा. लग्न लावून दिलं की आईबापांच्या जिवाचा घोर मिटतो, शिवाय एक नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होतं. बीडमध्ये ते 43 टक्क्यांच्या पुढे. कायदा तिथल्या आईबापांना माहीत नाही असं कुणी म्हणणार नाही. त्यांना पर्याय दिसत नाही.

पर्याय दिला की काय होतं, याचा एक दाखला आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या झोम्बा जिल्ह्यातला आहे. तिथे एचआयव्हीचा प्रसार मोठा आणि अनेक शाळकरी मुलींना वयाने मोठ्या पुरुषांच्या पैशांचा आधार. सारा बेअर्ड, बर्क ओझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 पासून चिठ्ठ्या टाकून काही मुलींना दरमहा एक ते पाच डॉलर आणि त्यांच्या पालकांना चार ते दहा डॉलर दिले. एड्सवर एकही व्याख्यान दिलं नाही. दीड वर्षाने शाळकरी मुलींची तपासणी झाली तेव्हा पैसे मिळालेल्या गटात एचआयव्हीचं प्रमाण 1.2 टक्के होतं, न मिळालेल्यांत 3 टक्के. पैसे मिळालेल्या मुलींचे जोडीदार वयाने लहान होते. पंचवीस वर्षांपुढच्या पुरुषांशी संबंध घटले होते. योजना बंद झाल्यावर यातले बरेच फायदे ओसरले, हेही त्याच संशोधकांनी पुढे नोंदवलं.

पैशांचे इतर परिणामही झाकून ठेवता येत नाहीत. चेरोकींमध्ये सर्वात गरीब घरांतली मुलं जादा पैसे आल्यानंतर अधिक स्थूल झाली. रक्कम वाटली जायची त्या महिन्यांत अपघाती मृत्यू वाढलेले दिसले. अठराव्या वर्षी साठलेली मोठी रक्कम एकदम हातात पडल्यावर काही पोरांनी ती गाड्यांवर उडवली; पुढे जमातीच्या परिषदेने ती टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं.

आणि जिथे गरिबी हे मुख्य कारण नाही तिथे? आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांची 42 टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. इंगा डोरा सिगफुसडोटिर आणि तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी दरवर्षी शाळाशाळांतून पाहणी केली आणि तिच्या आधारावर पालिकांनी मुलांच्या रिकाम्या दुपारी भरल्या. खेळ, संगीत, नाच यांसाठी कुटुंबांना अनुदान मिळालं. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटं बाहेर न राहण्याचा नियम झाला. गावोगावच्या पालकांनी एकत्र येऊन तो पाळायचे करार केले. चेरोकींच्या घरी जो वेळ पैशांमुळे मोकळा झाला, तो इथे धोरणाने काढला गेला.

भारतात इतका खर्च कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर बिहारच्या नालंदा जिल्ह्यातून आलं आणि त्यात गोव्याचा हात आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगथ’ ही संस्था काढली. डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून मानसिक आरोग्याचं काम करून घेणं ही तिची ओळख. नालंदातल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत बाहेरून नेमलेला ‘सेहर मित्र’ आला, काहींत शाळेतल्याच एका शिक्षकाला ती जबाबदारी दिली, उरलेल्या शाळांत नेहमीचं चालू राहिलं. सेहर मित्राने परिपाठात बोलायचं, भित्तिपत्रक चालवायचं, तक्रारी आणि अडचणींच्या चिठ्ठ्या टाकायला पेटी ठेवायची, मारहाण आणि छळाविरुद्ध शाळेचे नियम ठरवून घ्यायचे आणि येईल त्या मुलाचं ऐकून घ्यायचं.

2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, आठ महिन्यांत सेहर मित्र असलेल्या शाळांमध्ये दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणं घटली आणि मुलांना शाळा अधिक आपलीशी वाटू लागली. दुसऱ्या वर्षी हा फरक वाढला. हेच काम शिक्षकाकडे दिलेल्या शाळांत जवळजवळ काहीच बदललं नाही. शिक्षकांच्या अंगावर आधीच वर्ग, परीक्षा आणि सरकारी कामं होती, आणि ज्याच्या हातात छडी आणि गुण आहेत त्याच्याकडे मन मोकळं करायला मूल कचरतं.

महाराष्ट्रातही असा अनुभव जुना आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शाळा सुटलेल्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग काढले. संध्याकाळी एक तास, वर्षभर, शिकवायला गावातलीच बाई. काय शिकवायचं हे ठरवताना आईवडिलांनाही विचारलं गेलं. त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. वर्षभराने लांबलेलं लग्न म्हणजे वर्षभराने लांबलेलं बाळंतपण, आणि त्या वयात आईच्या व बाळाच्या जिवासाठी एक वर्ष फार असतं.

या सगळ्या प्रयोगांत मुलांच्या बाजूने दोनच गोष्टी उभ्या राहिलेल्या दिसतात: कबूल केलेलं हाती पडेल असा अनुभव, आणि चौकशी करायला फुरसत असलेलं एक मोठं माणूस. बीडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी हे दोन्ही देऊ शकणारी व्यवस्था अर्धीमुर्धी अस्तित्वात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांना जोडून हंगामी वसतिगृहं चालतात. 2021 मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही जाहीर केली. मात्र मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा या वयापुरताच हमी देतो. वाडी-तांड्यावरच्या मुलीची आठवी संपते ती नेमकी या वयात, हायस्कूल असतं पुढच्या मोठ्या गावात, आणि नववीचं पहिलं सत्र आटोपता आटोपता फडाकडे निघालेल्या गाड्या भरायला लागतात.